शेवटचा शाबूत क्षण

१२ मार्च

प्रिय झाहारिया,

इतके दिवस तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफ कर. आळस नव्हता. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा पहिल्याच वाक्यात ‘सगळं ठीक आहे’ असं लिहून मोकळी झाले. मग कागद फाडला. लहानपणी दवाखान्यातून आल्यावर आई ‘सगळं ठीक आहे’ म्हणाली, की तू तिच्या पिशवीतल्या गोळ्या तपासायला जायचास. अशा माणसाला ते वाक्य पाठवून काय उपयोग? म्हणून ठरवलं, की झालं ते मला स्वतःला नीट कळेपर्यंत लिहायचं नाही. आता कळलंय. निदान जेवढं कळायला हवं तेवढं.

आग्लाया काल येऊन गेली. वांग्या-मिरचीच्या झाकुस्काची बरणी आणि तुझे लोकरी मोजे मिनीबसच्या ड्रायव्हरकडे दिलेत म्हणाली, मिळाले असतील. ती तुझी बायको आहे, तुझ्याबद्दल माझ्याकडे रडत नाही, पण भांडी विसळता विसळता जे बोलायचं ते बोलली. तू मठाच्या दारात फोन जमा केलास. बिशपांनी ईस्टरपर्यंत रजा दिली आहे आणि ईस्टर झाला की तू पाद्रीपण सोडणार आहेस. कारण विचारलं तर म्हणतोस, ‘ज्या हातांनी मूल मारलं त्या हातांनी मी प्याला उचलणार नाही.’ आम्ही सगळे तुझी समजूत घालतोय असं तुला वाटतं. झाहारिया, मी समजूत घालणार नाही. मला ती येतही नाही. मी फक्त क्रमाने सांगते.

बोबोतेआझाच्या, म्हणजे जानेवारीतल्या पवित्र पाण्याच्या सणाच्या, आदल्या दिवशी तू इस्पितळात आलास तेव्हा मी तुझ्याबरोबरच होते. थंडी अशी की तुझ्या तांब्याच्या बादलीतल्या पाण्यावर अंगणातून येता येताच पापुद्रा धरला होता. तू दरवर्षीप्रमाणे खोली खोली फिरलास. बॉयलरची खोली, स्वयंपाकघर, रुग्णवाहिका, आणि तिच्या ड्रायव्हरने हटकून उघडून दाखवलेलं इंजिनसुद्धा. मग वर नवजात विभाग. तिथून उतरून आमच्याकडे, जुन्या धोबीखान्यात. संगणकांची कपाटं आता तिथे असतात. मागचा एक पंखा बिघडला होता, म्हणून एका कपाटाची पाठ आम्ही काढून ठेवली होती. माझ्या हाताखालच्या चेझारने क्रॉसचं चुंबन घेतलं आणि त्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणाला, “फादर, ह्याला जरा डबल डोस द्या, वर्षभर कण्हतंय.” तू हसलास, तुळशीची जुडी पूर्ण बुडवलीस आणि मनापासून शिंपडलंस. मीही हसले. जगात दुसरीकडे कुठे संगणकाच्या पाठीवर कोणी पवित्र पाणी शिंपडत असेल का, मला माहीत नाही. इथे ते न शिंपडलेलं चाललं नसतं. त्या सकाळी तू धोबीखाना वगळला असतास, तर कपडे धुणाऱ्या बायकांनीच तुला मागे फिरवून आणलं असतं.

पुढचं तू अर्धंच पाहिलंस. वरून धावत आलेल्या नर्सेस, आणि व्यवस्थापक बाईंचं ते वाक्य, “फादर, मुलांचं काय करून ठेवलंत हे.” त्यानंतर तू टोपी न घेताच निघून गेलास. तुझ्या गोष्टीचा शेवट तिथे झाला आहे. खरी गोष्ट तिथे सुरू होते.

पाणी कपाटाच्या ज्या भागावर पडलं, तो भाग माहिती साठवणाऱ्या बाकीच्या सगळ्या तबकड्यांना ‘हे इथे लिहा, ते तिथे लिहा’ असं सांगतो. तो मेला असता तर बरं झालं असतं. मेलेल्या मशीनची जागा शेजारचं मशीन घेतं. तशी सोय आमच्याकडे पहिल्यापासून आहे. पण हा मेला नाही, बरळायला लागला. चांगल्या नोंदींवर भलतंच लिहू लागला. आणि शेजारचं मशीन म्हणजे नुसता आरसा. मूळ जे करेल ते तेही त्याच क्षणी करतं. इथे एका बाळाचं वजन पुसून तिथे कचरा लिहिला गेला, की आरशातही तोच कचरा. दोन प्रती होत्या आणि दोन्ही सारख्याच वेड्या झाल्या होत्या.

दुसरी सोय रोज रात्रीच्या प्रतीची. रात्री सगळं निजलं की पूर्ण माहितीचा एक फोटो काढून ठेवायचा. तो शाबूत होता. पण तुला वरच्या विभागाची कल्पना नाही. तळहातावर मावतील अशी मुलं. श्वास घ्यायला विसरू नयेत म्हणून त्यांना कॅफीन देतात, आणि ते वजनावर ठरतं, आणि वजन रोज बदलतं. रात्रीच्या फोटोनंतर पहाटे कोणाचं औषध वाढवलं होतं, कोणाचं थांबवलं होतं, रक्ताचे अहवाल आले होते, त्यावरून दुपारचे डोस ठरले होते. कागद आम्ही केव्हाच बंद केले. मिनोदोरा, वरची मुख्य नर्स, आमच्या दारात उभी राहिली. ती ओरडली नाही. म्हणाली, “मला कालचं नको. आत्ताचं सांगा. पुढचं औषध द्यायची वेळ होतेय.”

आता तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र इतकं लांबलं आहे. तू एकदा जेवताना विचारलं होतंस, की तुमच्याकडे ते नवीन काय बसवलंय आणि चेझार त्याच्यावर इतका खूश का. मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं आणि सूप वाढायला उठले. चेझारने दिलेलं उत्तर जास्त बरं होतं. तो म्हणाला, रात्रीची प्रत म्हणजे संध्याकाळी कामावरून आलेला नवरा, घरात शिरून विचारतो, आज काय झालं? आणि ही नवीन गोष्ट म्हणजे आपल्या इमारतीच्या दाराशी बाकावर बसलेली म्हातारी. कोण आलं, कधी आलं, पिशवीत काय होतं, जाताना पिशवी जड होती की हलकी, सगळं तिला ओळीने पाठ. तू म्हणालास, आमच्या बाकावरची तर न घडलेलंही सांगते. चेझार म्हणाला, एवढाच फरक, ही कधी वाढवून सांगत नाही.

खरोखर तसंच आहे. वर कोणी एक आकडा लिहिला, की तो तबकडीवर जाता जाताच त्याची एक नक्कल दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या मशीनकडे निघते. तिथे ती आधीच्या नकलेच्या खाली, आपल्या वेळेच्या शिक्क्यासकट ठेवली जाते. जुन्यावर नवं लिहायचं नाही, पुसायचं नाही, फक्त खाली जोडत जायचं. त्या म्हातारीला चांगलं-वाईट कळत नाही. बाळाचं वजन आलं तर तेही ओळीत, आणि बरळणाऱ्या भागाने पाठवलेला कचरा आला तर तोही ओळीत, आपापल्या वेळेसह. मला सुरुवातीला हीच त्यातली उणीव वाटायची: कचरा कशाला जपायचा? त्या दिवशी समजलं, की कचरासुद्धा क्रमाने जपलेला असतो म्हणूनच तो नक्की कुठे सुरू झाला ते सापडतं. मग जुनी शाबूत प्रत घ्यायची आणि त्यानंतरच्या नोंदी एकेक करून पुन्हा तिच्यात भरत आणायच्या, जशा घडल्या तशा, आणि जिथे बिघडायला लागलं त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबायचं. ती प्रत कालची नसते. ती त्या क्षणाची असते.

तो क्षण शोधायचा कसा, हे मी प्रत्यक्ष केलं, म्हणून सांगते. सकाळची एक वेळ निवडली. त्या वेळेचं इस्पितळ मशीनने बाजूला उभं करून दाखवलं. नुसतं बघायला, हात लावायला नाही. मिनोदोरा माझ्या खुर्चीमागे उभी. तिने एकेका मुलाची नोंद पाहिली आणि मान हलवली: बरोबर आहे, पण जुनं आहे. मग तू येऊन गेल्यानंतरची वेळ निवडली. तिथे मुलांच्या नावांच्या जागी चिन्हांचा चिखल. मग दोन्हींच्या मधली. शाबूत. मग ही शाबूत वेळ आणि तो चिखल यांच्या मधली. चिखल. असं करत करत दोन्ही कडा एकमेकींजवळ येतात. शेवटी एक जागा अशी आली की तिच्या अलीकडे सगळं स्वच्छ आणि पलीकडे पहिलं भलतं अक्षर. मिनोदोरा पडद्यावर बोट टेकवून म्हणाली, “हे बघा, हे माझंच. दातारूच्या मुलीचं दूध मी इथे लिहिलंय. इथपर्यंत माझं डोकं आणि तुमचं मशीन जुळतंय.”

दातारू हे त्या मुलीच्या बापाचं आडनाव. त्यांच्या वॉर्डात मुलांना अशीच हाक मारतात. ते वाक्य ऐकून चेझार बाहेर जाऊन सिगरेट ओढून आला. मग आम्ही त्या क्षणाचं इस्पितळ दुसऱ्या शहरातल्या मशीनवरच चालू केलं आणि वरचे पडदे तिकडे जोडले. पुढचं औषध ज्याचं त्याला मिळालं, वेळेवर मिळालं. दुपारी कपाट वाळवायला ठेवलं तेव्हा वर काम चालू होतं.

मी हे सगळं इतकं कौतुकाने लिहिते आहे, याचा तुला राग येईल का, याचा विचार केला. कदाचित येईल. पण मला ते कौतुक लपवता येत नाही. ज्यांनी हे बांधलं त्यांना मी कधी भेटलेले नाही. कुठल्या देशात, कुठल्या कंटाळवाण्या खोल्यांत बसून त्यांनी ते केलं असेल. पण कोणी चुकूच नये म्हणून त्यांनी कुलपं लावली नाहीत. ते आधीच धरून चालले, की कधीतरी, भर दिवसा, एखादा चांगला माणूस चांगल्या मनाने काहीतरी बिघडवणार आहे. म्हणून त्याच्या मागच्या क्षणापर्यंत जाता येईल अशी वाट त्यांनी ठेवली. पाणी कोणी शिंपडलं, पाठ कोणी काढली, डबल डोस कोणी मागितला, हे ती वाट विचारत नाही. तुमच्या पुस्तकांत या वृत्तीला काही नाव असेल. मी चर्चमध्ये फार येत नाही, मला ते माहीत नाही.

आणि जे चुकीचं आहे तेही लिहिते, नाहीतर तू बाकीच्यावर विश्वास ठेवणार नाहीस. त्या म्हातारीची स्मरणशक्ती अमर्याद नाही. काही दिवस गेले की जुन्या नोंदी एका प्रतीत घडी घालून ठेवल्या जातात आणि मधले क्षण वेगळे काढता येत नाहीत. त्या दिवसाचा तुकडा मी मुद्दाम वेगळा जपून ठेवायला लावला. दुसरं, पहिलं भलतं अक्षर उमटल्यापासून आम्ही मशीनची जोडणी तोडेपर्यंत थोडा वेळ गेला, कपातली कॉफी गार होईल इतका. त्या वेळात वर जे खरं लिहिलं गेलं ते कचऱ्यात मिसळलं. ते परत आलं नाही. नर्सेसनी ते आठवून, पंपांवरचे आकडे पाहून, एक-दोन चाचण्या पुन्हा करून नव्याने भरलं. ‘काहीच गेलं नाही’ असं तुला कोणी सांगितलं असेल, तर ते खरं नाही.

आता, जिच्यासाठी तू स्वतःला दोष देतोस, त्या दुसऱ्या मुलीबद्दल. हो, त्या आठवड्यात एक मूल गेलं. तिचं नाव मी लिहीत नाही, तो अधिकार मला नाही. हे तुला जितकं छळतं तितकं मलाही छळत होतं, कारण पाठ काढलेलं कपाट माझ्या विभागाचं. म्हणून मी नवजात विभागाच्या डॉक्टर वोइकांकडे गेले. त्या आधी चिडल्या. म्हणाल्या, तुम्ही दोघं भावंडं स्वतःला फार महत्त्वाचे समजता. मग त्यांनी दार लावलं आणि त्या जपलेल्या तुकड्यातली त्या मुलीची नोंद माझ्यासमोर उघडली. बाकी सगळं झाकून, फक्त काय दिलं आणि केव्हा दिलं एवढंच. आम्ही दोघींनी ती ओळीने वाचली. गमावलेल्या वेळात तिला काही द्यायचंच नव्हतं. त्याच्या आधीचं सगळं जागेवर, त्याच्या नंतरचं सगळं वेळेवर. तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता तो तू इस्पितळाच्या पायऱ्या चढण्याच्याही आदल्या दिवशी. तो त्यांनी चित्रात पाहिला होता, तिच्या आईबापांना सांगितलाही होता. वोइका म्हणाल्या, “तुमच्या भावाला सांगा, देवाने माझ्याकडून काही काढून घेतलं असेल तर ते मी आणि तो बघून घेऊ. त्यात त्यांनी पडू नये.” त्या देव मानत नाहीत, हे तुला माहीत आहे. पण शब्द त्यांचेच आहेत, मी बदलले नाहीत.

तेव्हा मूल तुझ्या हातून गेलं नाही. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. मी ते वाचलं आहे.

इथली बाकी खबर थोडी. बिस्त्रित्सा नदीकाठचं बर्फ काळं पडलं आहे. तुझ्या जागी आलेले तरुण पाद्री चांगले आहेत, पण फार भरभर वाचतात. म्हाताऱ्यांची गुडघे टेकण्याची वेळ चुकते आणि त्या त्यांच्यावर डाफरतात. व्यवस्थापक बाई आग्लायाला बाजारात भेटल्या आणि तुझ्या तब्येतीची चौकशी करून लगेच कांद्यांचा भाव विचारू लागल्या. माफी मागायची ही त्यांची रीत असावी. धोबीखान्याच्या दारावर चेझारने पाटी लावली आहे: ‘आशीर्वाद कोरडे चालतील.’ मी काढायला सांगितलं होतं. पण तू आलास आणि हसलास तर ती राहू दे, असं आमचं ठरलं आहे.

मी हे पत्र आज लिहिते आहे, ईस्टरची वाट न पाहता, त्याचं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते आत्तापर्यंत लिहायला मी कचरले. तुला परत आणायला मी एखादी युक्ती करते आहे असं तुला वाटेल, अशी भीती होती. आमच्याकडे उतरण्याआधी, वर खिडकीजवळच्या पेटीतल्या मुलाची अखेरची घटका आली आहे असं वाटून मिनोदोराने तुला थांबवलं होतं. तू बोटाच्या टोकाने तीन थेंब टाकून त्याचा बाप्तिस्मा केलास. त्याची आई, कासान्द्रा, तेव्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर बेशुद्ध होती, बाप इटलीत बांधकामावर. म्हणून नाव तूच दिलंस. मी दाराशी होते, मला ऐकू आलं नाही. तू खाली गेल्यावर मिनोदोराने ते नाव लिहिलं, नेमकं त्या थोड्या वेळात. परत न आलेल्या नोंदींपैकी बाकी सगळ्या आम्ही पुन्हा भरल्या. ही एकच भरता आली नाही. तिला एवढंच आठवतं, की लांब नाव होतं, कुठल्यातरी वाळवंटातल्या संन्याशाचं. झाहारिया, तो मुलगा जगला. परवा तो घरी जातो आहे, गाल आले आहेत त्याला. कासान्द्राने नगरपालिकेत त्याला मातेय म्हणून नोंदवलं, पण ती म्हणते, तो जाता जाता ज्या नावाने थांबला, त्याच नावाच्या संताचा सण मी करणार. आणि बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होत नाही, हे तिला तिच्या आजीने सांगितलंय. काल ती मला जिन्यात गाठून म्हणाली, “तुमच्या मशीनला सगळं आठवतं म्हणतात. माझ्या मुलाचं नाव सांगा ना.” मी तिला म्हटलं, मशीनकडे नाही. ते नाव जगात आता एकाच ठिकाणी आहे. तू पाद्री राहायचं की नाही, हे तुझं तू ठरव, मी त्यात काही मागत नाही. पण ते नाव तुझं नाही, त्या मुलाचं आहे. लिहून पाठव, किंवा स्वतः येऊन त्याच्या आईला सांग.

तुझीच,
ओतिलिया

(माझ्यासाठी टीप) उद्या: कासान्द्राला सांगणे, की भावाला नाव विचारलं आहे.